राहून जाणाऱ्या कामांविषयी

प्रश्न : मी बेचाळीस वर्षांची असून हिंजवडीत नोकरी करते. पहाटे पाचला उठून मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये दिवस आखते. रविवारी सकाळी जर्मनच्या वर्गाला जाते. तरीही गाण्याचा रियाज, जर्मनचा अभ्यास आणि वेताळ टेकडीवरचे फिरणे यांपैकी काहीतरी रोज राहतेच, आणि रात्री अपराधी वाटते. नियोजन आणखी कसे सुधारावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपले नियोजन चुकते आहे, असे मला वाटत नाही. आठवड्याचे तास १६८. त्यांतून झोपेचे ४९ आणि जाण्यायेण्यासह नोकरीचे, रोज बारा धरून, ६० वजा केले, तर ५९ उरतात. आणि स्वयंपाक, जेवणखाण, घरातली दुखणीखुपणी, बँकेची व सोसायटीची कामे, सारे काही याच तासांत उरकायचे असते. यानंतर जो वेळ शिल्लक राहतो, त्यात एका विद्येची साधना होऊ शकते, तिघींची नाही. कोणत्याही अ‍ॅपने ही वजाबाकी बदलत नाही.

कामे झटपट उरकली की वेळ मोकळा होईल, या आशेवर विसंबू नका. जो कर्मचारी चार दिवसांचे काम दोन दिवसांत करतो, त्याच्याच टेबलावर पुढचे काम येऊन पडते, हे कार्यालयात आपण रोज पाहत असाल.

सत्यशोधक समाजात महात्मा फुल्यांचे सहकारी असलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी झगडून १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. एवढ्या कष्टाने मिळालेला तो दिवसही सार्थकी लावायची आणखी एक कामगिरी ठरावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझा सल्ला असा, की रियाज ठेवावा आणि जर्मन या वर्षापुरते सोडावे. तंबोरा जुळवायलाच वेळ लागतो, स्वर स्थिरावायला त्याहून अधिक. दोन कामांच्या फटीत वीस मिनिटे कोंबून गाणे होत नाही, आणि झाल्याची खूण अ‍ॅपमध्ये केल्याने ते पुढेही सरकत नाही. म्हणून रियाजाची नोंद ठेवणे थांबवा. जर्मन सुटल्याची हळहळ वाटेल, ती वाटू द्यावी. त्यात आपला काही दोष नाही. टेकडीवर मात्र जमेल तेव्हा जावे, तिला वेळापत्रकात जागा देऊ नये.

अर्थात जर्मन हेच अधिक जवळचे असेल, तर माझी निवड बाजूला ठेवा, आणि आपल्या गाण्याच्या गुरूंना प्रत्यक्ष भेटून वर्षभर येणार नसल्याचे सांगा.