बाग गहाण टाकण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

कॅनडात शिकायला जाण्याबद्दल कॉलेज रोडवरच्या एजंटाने दिलेला कागद तू व्हॉट्सअॅपवर पाठवलास, तो वाचला. कॅनडातला पगार रुपयांत, ठळक अक्षरात. तिथलं घरभाडं मात्र कुठेच नाही. आणि खाली ‘पीआर पक्का’, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना नक्की. असं लिहून देणं कुणाच्याच हातात नसतं, त्या देशाच्या मंत्र्याच्याही नाही.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांदा निर्यात बंद केली तेव्हा लासलगावात काय झालं, ते वडिलांना विचार. माल तोच, बाहेर गिऱ्हाईकही तेच. दिल्लीच्या एका आदेशाने भाव कोसळले. व्हिसाचं तसंच असतं. कॅनडात घरांची टंचाई झाली, भाडी भडकली, लोक चिडले. जानेवारी 2024 मध्ये सरकारने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. राहणीखर्चापोटी दाखवायची रक्कमही 10,000 कॅनेडियन डॉलरवरून थेट 20,635 वर नेली. जुन्या नियमांच्या भरवशावर ज्यांनी कर्ज काढलं, त्यांचे हप्ते काही थांबले नाहीत. तुझे वडील दिंडोरीची द्राक्षबाग गहाण टाकायला निघालेत, म्हणून एवढं लिहितोय.

देश निवडताना त्या देशाला तू कशासाठी हवा आहेस ते आधी बघ. फी भरायला, की काम करायला? जर्मनीत माणसं म्हातारी होत चाललीत, इलेक्ट्रिशियन मिळत नाहीत. ही गरज एका निवडणुकीत संपणारी नाही. 2024 मध्ये त्यांनी भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला 20,000 वरून 90,000 करायचं जाहीर केलं. त्याच वर्षी आपल्या राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. म्हणून तिकडे पायघड्या घातल्यात असं नाही. भाषा शिकावीच लागते, आणि आपलं आयटीआयचं सर्टिफिकेट त्यांच्या मापात बसतं का, तेही ते तपासतात. अंबडच्या कंपनीत पॅनल वायरिंग करतोस ना? त्याचं अनुभवपत्र, कामाच्या तपशिलासकट, आत्ताच घे. नोकरी सोडल्यावर एचआरवाले फोन उचलत नाहीत.

कुणी थेट परदेशी नोकरी लावून देतो म्हणाला, तर केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी शोध. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क 30,000 रुपये अधिक जीएसटी, एवढंच घेता येतं. लाखांत बोलला की उठून ये.

रविवारी वडिलांना घेऊन घरी ये. बँकेचा व्याजदर लिहून आण, आणि जर्मनच्या वर्गाची फी विचारून ये.

तुझे सर