क्लीनर हळू चालतो, पण दोष जावाचा नाही

तुमच्या विंडोज सर्व्हरवर एकाच फोल्डरात २० लाख फाइली साचल्यात, जावा या प्रोग्रामिंग भाषेतला, जुन्या फाइली उडवणारा क्लीनर सुरू होताच बराच वेळ गप्प बसतो, मेमरी फुगते, ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) लावूनही फरक नाही. म्हणून सगळं सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहायचं का, असं विचारलंत. नका लिहू.

जावातल्या जुन्या फाइल क्लासचं लिस्टफाइल्स हे फंक्शन आख्ख्या फोल्डरची यादी ॲरेत, म्हणजे मेमरीतल्या रांगेत, भरून मगच परत येतं. तोवर एकही फाइल उडत नाही. पुढे प्रत्येक फाइलीला फोल्डर आहेस का, साइज किती, शेवटचा बदल कधी, असं तुम्ही तीनदा विचारता, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे तीन हेलपाटे. भाषा बदलली तरी हे हेलपाटे चुकणार नाहीत.

२०११ च्या जावा ७ मध्ये वॉकफाइलट्री हे फोल्डरांतून फिरणारं फंक्शन आलं. ते पुढे सरकत जातं आणि फाइलीसोबत तिची माहितीही हातात देतं. विंडोजवर ही माहिती यादीबरोबरच येते, त्यामुळे फरक लगेच दिसेल. फाइल वाचता आली नाही की चालणारं व्हिजिटफाइलफेल्ड मात्र स्वतः लिहा, नाहीतर परवानगी नसलेलं एक फोल्डर लागलं की सगळी फेरी तिथेच थांबते. थ्रेडचं म्हणाल तर साध्या हार्ड डिस्कवर त्यांचा उपयोग नाही, उलट डिस्क वाचणाऱ्या हेडची धावपळ वाढते. नेटवर्क शेअरवर तीन-चार थ्रेड कामाला येतात, कारण तिथे वेळ उत्तराची वाट पाहण्यात जातो.

मला वेगापेक्षा डिलीटची काळजी जास्त वाटते. इथे इंदूरला रामबागेतल्या एका छापखान्यासाठी मी असाच क्लीनर लिहिला होता. फाइलचं जुनं डिलीट जमलं नाही तर नुसतं फॉल्स, म्हणजे ‘नाही’, देतं, कारण सांगत नाही. मी ते फॉल्स तपासलंच नव्हतं, प्रत्येक फाइल ‘उडवली’ म्हणून मोजत गेलो. प्रूफच्या फाइली दुसऱ्या प्रोग्रामने उघड्या धरल्या होत्या, विंडोज त्या सोडत नव्हतं. लॉग रोज स्वच्छ, आणि दिवाळी अंकाच्या ऐन घाईत डिस्क भरली. त्या रात्री तिथल्या काकांचा चेहरा पाहिला, तो अजून आठवतो. तेव्हापासून मी फक्त नव्या फाइल्स क्लासचं डिलीट वापरतो. ते एक्सेप्शन, म्हणजे चुकीची सूचना, टाकतं, त्यात कारण असतं, आणि ते मी लॉगमध्ये जसंच्या तसं लिहितो.

काही गोष्टी मात्र नुसता डिलीटचा कोड बदलून सुटत नाहीत. विंडोजवर तुमच्याच प्रोग्रामने मॅप केलेली (थेट मेमरीच्या बफरला जोडलेली) फाइल तिचं चॅनेल बंद केल्यावरही अडकून राहते, गार्बेज कलेक्टर (जावाची नको असलेली मेमरी साफ करणारा भाग) तो बफर उचलेपर्यंत. लिनक्सवर उघडी फाइल डिलीट होते खरी, पण धरून बसलेली प्रोसेस ती सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. अशा वेळी लॉग लिहिणारी सेवाच रीस्टार्ट करावी लागते. प्रोग्राम संपताना फाइली उडवणाऱ्या डिलीटऑनएक्झिटवर तर अजिबात विसंबू नका. ते जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) संपेपर्यंत सगळी नावं मेमरीत साठवतं, आणि प्रोसेस जबरदस्तीने किल झाली तर काहीच उडत नाही.

आज रात्री डिलीटची ओळ बंद ठेवून नुसतं वॉकफाइलट्री फिरवा आणि वेळ मोजा. किती फाइली ३० दिवसांपेक्षा जुन्या निघतात तेही लिहा. दोन्ही आकडे इथे टाका, मग बॅच, म्हणजे एका वेळी उडवायच्या फाइलींचा गट, केवढी ठेवायची ते बघू.