गिल्ड, गोल्ड आणि हळद

प्रश्न असा आलाय की ब्रिटनमधल्या सोन्याचांदीच्या कारागिरांच्या युनियनला 'गिल्ड' म्हटलं तर चालेल का, आणि गिल्ड हा शब्द गोल्डवरूनच आलाय ना?

नाही आणि नाही. हे 'गोल्डवरून गिल्ड' इतक्या वेळा ऐकलंय की आता डोकं उठतं. इंग्रजीत उच्चाराने सारखे पण वेगळे दोन शब्द आहेत. एक गिल्ड म्हणजे सोन्याचा मुलामा देणे, तो गोल्डवरूनच. आणि गोल्डचं मूळ 'पिवळं' या अर्थाचं, त्याच मुळातून इंग्रजीत यलो आला, संस्कृतात हरि, हिरण्य आणि हरिद्रा, आणि हरिद्रेची झाली आपली हळद! म्हणजे गोल्ड आणि हळद चुलत बहिणी, लग्नात दोघी एकाच अंगावर चढतात ते उगाच नाही (हे शास्त्र नाही, माझी हौस).

दुसरं गिल्ड, म्हणजे संघटनावालं (एकाच धंद्यातल्या लोकांचा जुना संघ), ते 'देणं' या अर्थाच्या धातूचं. जर्मन गेल्ड म्हणजे पैसा, व्हायकिंगांना द्यायची खंडणी ती डेनगेल्ड, त्याच घरातलं. थोडक्यात गिल्ड म्हणजे मुळात वर्गणी, आणि म्हणून माझं कधीपासूनचं म्हणणं आहे की त्याला 'श्रेणी' असं प्राचीन भारतातल्या कारागीर-संघांचं भारदस्त नाव देण्यापेक्षा सरळ वर्गणीमंडळ म्हणा. पंडित मंडळी नाकं मुरडतील, मुरडू देत.

दुसरा घोळ जर्नीमनचा. भाषांतरकार बेधडक 'फिरता कारागीर' लिहितात, अहो तो फिरत नाही, फ्रेंच जुर्ने म्हणजे दिवसभराचं काम, जर्नीमन म्हणजे रोजंदार! आणि गिल्ड नि युनियन यांतला खरा फरक इथेच आहे. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कंपनीला, म्हणजे सोनारांच्या गिल्डला, 1327 ची राजसनद, तिच्या हॉलमध्ये माल तपासून छाप मारायचे म्हणून हॉलमार्क, पण तिची सूत्रं मालक-सोनारांच्या हातात. रोजंदाराला मजुरीसाठी एकत्र यायचं तर 1799 च्या कायद्याने ते गुन्हाच ठरवलं, तो कायदा उठला 1824 ला. युनियन ही या रोजंदारांची. नॅशनल युनियन ऑफ गोल्ड, सिल्व्हर अँड अलाइड ट्रेड्स हे तिचं नाव होतं, यातलं 'अलाइड' बघा, पॉलिशवाले वगैरे जोडधंदेही आत, मालकांच्या गिल्डशी काय संबंध? 1981 ला ती टास नावाच्या तांत्रिक कर्मचाऱ्यांच्या युनियनमध्ये विलीन झाली, टास 1988 ला एमएसएफमध्ये (मॅन्युफॅक्चरिंग, सायन्स अँड फायनान्स युनियन), आणि तीन अक्षरांच्या त्या नावात सोनंही उरलं नाही नि चांदीही.