कॉलम मॅपिंगचं काम सोडू का?

तू लिहिलंयस की एमसीएच्या शेवटच्या सेमिस्टरची इंटर्नशिप हिंजवडीत चालू आहे, चार महिने आयडेंटिटी मॅनेजमेंटच्या, म्हणजे कुणाला कुठलं अकाउंट आणि परवानगी हे सांभाळणाऱ्या प्रोजेक्टवर कंपनीच्या जुन्या एचआर डेटाबेसचे टेबल कनेक्टरला (दोन सिस्टीम जोडणाऱ्या भागाला) मॅप करतेयस, मैत्रिणी एआय शिकतायत आणि बाबा म्हणतात ही कारकुनी आहे, सोड. माझं ऐकशील तर सोडू नकोस.

अगं, कुठला कॉलम कशाला जोडायचा हे भरायला पाच मिनिटं लागतात, पण माणूस कशावरून ओळखायचा हे ठरवायला डोकं लागतं. समजा तू ईमेलच ‘की’ (key, माणूस ओळखायची खूण) म्हणून धरलास आणि ऑफिसातल्या एखादीचं लग्न होऊन आडनाव बदललं, त्यासोबत ईमेल बदलला, की सिस्टीमला वाटणार कुणी नवीनच आलं, दुसरं अकाउंट तयार, आणि जुनं सगळ्या परवानग्यांसकट तसंच उघडं राहू शकतं. एम्प्लॉयी नंबर धरला असता तर ही वेळच आली नसती. तसंच नोकरी सोडणाऱ्याची रो, म्हणजे टेबलातली ओळ, थेट डिलीट केली तर टाइमस्टॅम्प (शेवटच्या बदलाची वेळ) बघून बदल उचलणाऱ्या सिंकला पत्ताच लागत नाही, रोच उरली नाही तर टाइमस्टॅम्प कुठून येणार? म्हणून स्टेटसचा कॉलम हवा आणि अधूनमधून पूर्ण रिकन्सिलिएशन, म्हणजे दोन्हीकडच्या सगळ्या नोंदींची ताडणी, चालवायला हवं. बाबांना हीच दोन उदाहरणं सांग.

आता घरी काय करायचं ते. मिडपॉइंट हे आयडेंटिटी मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर टाक, स्लोव्हाकियातल्या इव्होल्व्हियमचं आहे, ओपन सोर्स, फुकट. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये दोन टेबल बनव, एक कर्मचाऱ्यांचं, एक रोलचं. मिडपॉइंटचा डेटाबेस टेबल कनेक्टर एकाच टेबलवर चालतो त्यामुळे रोल आणायला गेलीस की अडशील, आणि तिथे अडणं तुझ्या फायद्याचंच आहे. नुसतं वाचायचं असेल तर व्ह्यू (दोन टेबल एकत्र दाखवणारी साठवलेली क्वेरी) बनवून भागतं, लिहायचंही असेल तर स्क्रिप्टेड एसक्यूएल कनेक्टर घ्यावा लागतो, त्यात सर्च, क्रिएट, अपडेटच्या स्क्रिप्ट ग्रूव्ही या जावासारख्या भाषेत स्वतः लिहायच्या. जावा येत असेल तर ग्रूव्ही जड जात नाही, एसक्यूएलमधले टेबल जोडणारे जॉइन कच्चे असतील तर मात्र आधी ते पक्के कर.

नोकरीचं विचारलंस तर याच क्षेत्रातल्या सेलपॉइंट कंपनीचं ऑफिस पुण्यातच आहे, त्यांच्याकडेही डेटाबेसला जोडणारा जेडीबीसी कनेक्टर असतो आणि तिथेही प्रश्न हेच येतात.

पत्रातली एकच गोष्ट मला खटकली, मॅपिंगची शीट सिनियर देतात आणि तू फक्त भरतेस. सोमवारी त्यांना विचार, ही ‘की’ कुणी ठरवली आणि एकाच माणसाच्या दोन रो आल्या तर आपल्याकडे काय होतं. काय म्हणाले ते मला कळव.