स्कीइंगमधल्या स्लॅलमच्या (खांबांमधून वळणे घेत उतरण्याची शर्यत) दुसऱ्या फेरीत तिसावा खेळाडू आधी का उतरतो?

कारण बर्फ. खानापूरकडच्या लाल चिखलात मागच्या गाडीच्या वाट्याला चाकोऱ्या येतात, तसे वळणावळणावर खड्डे पडत जातात. म्हणून पहिल्या फेरीतले पहिले 30 जण उलट्या क्रमाने उतरतात, आघाडीवरचा शेवटी. पूर्वी पाचच जण उलटवत, नंतर 15, मग 30. चुरस टिकते ती यामुळेच.

पहिल्या फेरीत मानांकनातले पहिले 7 आपसांत 1 ते 7 साठी चिठ्ठ्या काढतात, पुढचे 8 ते 15 साठी.

डाउनहिल, म्हणजे उतारावरून वेगाने खाली येण्याची शर्यत, एकाच फेरीची. तिथे 2016-17 च्या हंगामात अव्वल 10 जणांना 1 ते 19 मधला विषम क्रमांक निवडायला मिळाला होता, न्याय्य बदल. पण ताजा बर्फ पडत असेल तर पहिल्यालाच फटका बसतो. अशा वेळी यादीच्या शेवटच्या 20 टक्क्यांतले किमान 6 जण आधी सोडतात, म्हणजे वाट मोकळी होते.