फोटो भरपूर, झोप नाही

जुनी गाडी प्रत्यक्ष न बघता घ्यावी का, हा प्रश्न खरं तर मेकॅनिकचा. मी समुपदेशक; माझ्याकडे तो येतो तेव्हा सोबत मोडलेली झोप आणि घरातली धुसफूसही आलेली असते.

अशाच एक बाई आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील पक्षाघातानंतर व्हीलचेअरवर. त्यांना खुर्चीसकट आत नेता येईल अशी रॅम्पची व्हॅन हवी होती. अशा जुन्या गाड्या विकायला फारशा येत नाहीत. एक सापडली, ती वीस वर्षं जुनी आणि जाऊन बघता येणार नाही इतकी लांब. विकणारा म्हणे, "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, आज टोकन पाठवा." भाऊ म्हणे, "न बघता गाडी घेतं का कोणी?" आणि बाई मध्यरात्री फोटो मोठे करकरून पत्र्यावरचे डाग शोधत बसायच्या.

"मी फसणार नाही ना, एवढंच सांगा," त्या म्हणाल्या.

ते मला सांगता येणार नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तो दिलासा रात्रीपर्यंतच टिकला असता. मी विचारलं, "काय दिसलं तर तुम्ही ही गाडी सोडाल?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. फोटो ढीगभर होते, पण 'नको' म्हणायला लावेल अशी एकही गोष्ट ठरलेली नव्हती. मनानं गाडी कधीच घेतली होती. आता फक्त भीती शमवण्यासाठी पुरावे गोळा होत होते. म्हणून प्रत्येक नवा फोटो तासभर बरं वाटायला लावायचा आणि मग पुढचा हवासा व्हायचा. काळजीनं ग्रासलेल्या माणसांत हे चक्र मी नेहमी बघते, विषय गाडीचा असो की तब्येतीचा.

"मी भित्रीच आहे," असंही त्यांचं चाललं होतं. ते मला मान्य नव्हतं. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते; या तफावतीनं अख्खा बाजार कसा बिघडू शकतो हे अर्थतज्ज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणावरून मांडलं होतं. 2001 च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी. थोडक्यात, भीती रास्त होती. तिला काही काम लावून दिलेलं नव्हतं, एवढंच.

मग आम्ही कागदावर दोन रकाने आखले: 'दुरुस्त करून घेईन' आणि 'सोडून देईन'. तांत्रिक भाग त्यांनी ओळखीच्या मेकॅनिककडून भरून आणला. टायर, ब्रेक, बॅटरी, रबरी होज पहिल्या रकान्यात. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. जवळून काढलेल्या एका फोटोत ते कळतं. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतल्या भागांचा ताळमेळ राखणारा पट्टा) बदलल्याची नोंद नसेल तर तो बदलायचाच असं धरून पैसे बाजूला ठेवायचे, कारण काही इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात.

दुसरा रकाना छोटा, पण कडक. कागदपत्रांवरचं नाव विकणाऱ्याचं नसेल, चासी नंबर जुळत नसेल किंवा गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर नको. रॅम्पसाठी गाडीची आतली जमीन कापून खाली घेतलेली असते, त्या जोडांना आणि खालच्या सांगाड्याला आरपार गंज असेल, तर नको. इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तर व्हिडिओ कॉल पुन्हा दुसऱ्या दिवशी, कारण थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते गरम बोलत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आत शिरत असण्याची शंका. आणि शेवटची अट: आपण निवडलेल्या, आपण पैसे दिलेल्या मेकॅनिकनं गाडी लिफ्टवर चढवून खालून बघायची. विकणाऱ्याच्या ओळखीचा माणूस चालणार नाही. त्याआधी टोकन नाही.

भावालाही एकदा बोलावलं. त्याचा राग गाडीवर नव्हताच. वडिलांचे निर्णय आपल्याला न विचारता होतात, हे दुखणं होतं. मेकॅनिक शोधण्याचं काम त्यानं आपणहून घेतलं.

या सगळ्यात वडिलांना कुणी विचारलंय का, असं मी विचारलं तेव्हा दोघंही एकमेकांकडे बघू लागले. पुढच्या वेळी उत्तर घेऊन आले. बाबांना गंजाशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा प्रश्न होता: "बसल्यावर खिडकीतून रस्ता दिसेल का?" व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचे डोळे साध्या सीटवरच्यापेक्षा वर येतात, जमीन पुरेशी खाली नसेल तर खिडकीची वरची कडच डोळ्यांसमोर येते. दुसऱ्या रकान्यात आणखी एक ओळ वाढली.

लिफ्टचं नाव काढताच विकणारा चिडला, "विश्वास नसेल तर राहू द्या" म्हणाला. बाईंनी राहू दिलं. त्या संध्याकाळी खूप रडल्या, कारण 'दुसरी मिळणारच नाही' ही खात्री अजून गेली नव्हती. पण झोप लागली, हे त्यांनीच नवलानं सांगितलं.

दुसरी गाडी मिळायला काही महिने गेले. तीही लांबची, तीही न बघता घेतलेली. भावानं शोधलेल्या मेकॅनिकनं खालून व्हिडिओ काढला, मग आत खुर्ची ठेवून बाबांच्या डोळ्यांच्या उंचीवरून खिडकीबाहेरचाही काढला. होज जुने निघाले, एका दाराखाली वरवरचा गंज निघाला. दोन्ही पहिल्या रकान्यातले. तेवढी किंमत कमी करून घेतली. गाडी आल्यावर महिन्याभरात बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला. तेव्हा बाईंचा फोन आला, पण माझ्याशी बोलायचं होतं ते भावाबद्दल. अल्टरनेटरचे पैसे बाजूला ठेवलेलेच होते.