उघड्या टपाची जुनी गाडी घेण्यापूर्वी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला, फोटोही बघितले. एक २००१ सालची माझदा एमएक्स-५ आणि एक साधारण त्याच वयाची पोर्श बॉक्स्टर. दोन्ही दोन सीटच्या, दोन्हींचा टप कापडी, आणि मागितलेली किंमतही जवळपास सारखीच. तू विचारलंयस, "काका, घेऊ का? आणि घ्यायची तर कुठली?" पहिल्या प्रश्नाला मी जास्त वेळ देणार आहे, दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे.

अशी गाडी घ्यावी की नाही, हे बँकेतल्या शिलकीपेक्षा तुझ्या आठवड्यावर जास्त अवलंबून आहे. रोज कामाला जायची, सामान आणायची, घरच्यांना कुठे न्यायची सोय दुसऱ्या कशाने तरी होत असेल तरच पुढचा विचार कर. आणि तशी सोय असली की लगेच प्रश्न येतो: मग ही गाडी बाहेर कधी निघणार? सकाळी तासभर लवकर उठून, काही काम नसताना, नुसतं चालवायला म्हणून तू निघशील का? थंडीत टप उघडून, हीटर पायांवर सोडून चालवणं तुला आवडेल का? (उघड्या गाडीचे सगळ्यात चांगले दिवस थंडीतले असतात, हे घेईपर्यंत फारसं कुणाला ठाऊक नसतं. भर उन्हात टप उघडला की अर्ध्या तासात डोकं भणभणतं.) याचं उत्तर मनापासून हो असेल तर घे. "सुट्टी मिळेल तेव्हा काढेन" असं असेल तर सध्या थांब.

थांब म्हणतोय, कारण उभी राहिलेली गाडी आपोआप खराब होत जाते. पेट्रोल शिळं होतं, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, टायर एकाच जागी दबून राहतात. इंजिनाच्या सीलना तेल लागत नाही आणि त्या वाळतात. घडी करून ठेवलेलं टपाचं कापड घडीवरच चिरतं. म्हणून जाहिरातीतले थोडे किलोमीटर बघून हुरळून जाऊ नकोस. मी मालकाला आधी विचारतो, गेल्या दोन वर्षांत किती चालवलीत? नेमाने चाललेली, वेळेवर तेलपाणी झालेली गाडी दुप्पट किलोमीटरची असली तरी मला चालेल. एमएक्स-५ च्या या पिढीत टायमिंगला, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ जुळवायला, रबरी बेल्ट असतो. तो साधारण एक लाख किलोमीटरला बदलतात, पण गाडी चालली नाही तरी रबर म्हातारं होतंच. बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असं धर आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांग.

पैशांचं थोडक्यात सांगतो. गाडीची किंमत उतरली म्हणून तिची देखभाल स्वस्त होत नाही. नवी असताना जी महाग होती, तिचे पार्ट वीस वर्षांनीही महाग गाडीच्याच भावाने मिळतात. घसाऱ्याचा तोटा पहिल्या मालकाने सोसला, तुझ्या वाट्याला दुरुस्ती येणार. म्हणून किमतीचा निदान चौथा हिस्सा बाजूला काढून ठेव आणि पहिल्या वर्षात तो जाणारच असं समज. बॉक्स्टर घेणार असशील तर निम्मी रक्कम ठेव. विम्याचा हप्ता किती पडतो ते सौद्याआधी विचारून घे, तुझ्या वयाला तो चांगलाच चढा असू शकतो. आणि कर्ज काढून घेऊ नकोस. हप्ते चालू असताना गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली की माणसाला तिचा राग येतो, मग ती तशीच पडून राहते.

आता कुठली. बॉक्स्टर उत्तम गाडी आहे, हे आधी मान्य करतो. इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, त्यामुळे वजन मधोमध येतं आणि वळणात ती जशी वळते तशी फार थोड्या गाड्या वळतात. पण याच रचनेमुळे इंजिन डोळ्यांना दिसत नाही. मागची डिकी उघडलीस तर तेल आणि कूलंट ओतायची तोंडं दिसतील, बस्स. इंजिन वरून बघायचं तर टप अर्धवट उचलून त्याखालचं झाकण काढावं लागतं. शिवाय त्या काळातल्या या इंजिनांमध्ये इंटरमीडिएट शाफ्टचं, म्हणजे आत फिरणाऱ्या एका मधल्या दांड्याचं, बेअरिंग हा जगजाहीर दुबळा भाग आहे. बहुतेकांचं टिकतं, पण ज्याचं जातं त्याचं इंजिनच जातं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून जाणते मालक क्लच बदलताना तेही बदलून घेतात. तुझ्या त्या मालकाकडे अशी पावती आहे का? तू पाठवलेल्या कागदांत मला दिसली नाही.

एमएक्स-५ ची गोष्ट वेगळी आहे. १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा आली, तेव्हा ब्रिटिश धर्तीच्या हलक्या उघड्या गाड्या जवळजवळ संपल्या होत्या. त्यांतल्या एमजीबी या गाडीचं उत्पादन १९८० मध्येच थांबलं होतं. माझदाने बेत जुनाच ठेवला, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन कमी, आणि त्यात रोज सकाळी किल्ली फिरवताच चालू होणारं इंजिन घातलं. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. इतक्या बनल्या म्हणून पार्ट मिळतात, ती खोललेले मेकॅनिक सापडतात, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की समोरची गाडी पसंत पडली नाही तर ती सोडून दुसरी बघता येते. जिच्यासारखी दुसरी मिळणार नाही असं वाटतं, तिच्यापुढे माणूस डोळे मिटून घेतो.

ताकद कमी पडेल अशी तुला शंका आहे. २००१ च्या १.८ लिटर इंजिनाची ताकद १४० हॉर्सपॉवरच्या घरात, आणि गाडीचं वजन एक टनाच्या थोडंसं वर. तिचं इंजिन तुला दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ताणता येईल, तिसऱ्यात टाकता येईल, वळणाआधी परत दुसऱ्यात आणता येईल, आणि हे सगळं अशा वेगात जिथे चूक झाली तरी सावरायला जागा असते. जास्त ताकदीच्या गाडीत तू मोकळ्या रस्त्यावरही तिचा अर्धा भागच वापरशील. तू अजून शिकतोयस. हलक्या गाडीत हाताला, बुडाला, पायाला चाकाखालचं सगळं कळतं. माझं मत पक्कं आहे, एमएक्स-५ घे.

पण कुठलीही एमएक्स-५ नाही. या गाडीला पाणी मारतं, आणि ते कसं मारतं हे नीट समजून घे, कारण घेणारे इंजिनाचा आवाज ऐकण्यात रमतात आणि हे बघायचं राहून जातं. कापडी टपावरचं पाणी मागच्या काठाशी, सीटच्या मागे, एका पन्हळीत उतरतं. तिथून दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधून ते गाडीखाली, मागच्या चाकांच्या जरा पुढे, बाहेर पडतं. गाडी झाडाखाली उभी राहते, पानांचा चुरा आणि धूळ त्या नळ्यांत बसते, आणि पाणी तुंबतं. तुंबलेलं पाणी एकतर सीटमागच्या गालिच्यात मुरतं, नाहीतर दाराखालच्या पोकळ पत्र्यात शिरतं. तो पत्रा आतून बाहेर गंजत येतो. बाहेर रंगावर छोटासा फुगवटा दिसतो तेव्हा आतलं बरंच गेलेलं असतं. आणि दिसणारा फुगवटा घासून, पुट्टी भरून, वर रंग मारून विकणारेही आहेत.

अशा गाडीचं दार उघडून मी आधी नाक आत घालतो. ओल मुरलेल्या गालिच्याचा वास सुगंधी फवाऱ्याने झाकत नाही, दोन्ही वास एकदम येतात. मग सीट पुढे सरकवून मागच्या गालिच्याची कड उचलायची आणि खालच्या फोमवर बोटं दाबायची. वरून कोरडा लागणारा गालिचा खालून थंड आणि ओला निघाल्याचं मी पाहिलंय, आणि मालकाला त्याचा पत्ताही नव्हता. डिकीत बॅटरी असते, तिच्या बुडाशी आणि स्टेपनीच्या खळग्यात हात फिरव. मग खाली वाकून मागच्या चाकाच्या पुढचा, दाराखालचा पत्रा अंगठ्याने दाब. दबला किंवा करकरला, तर नमस्कार करून निघ, घासाघीसही करू नकोस. तू बघतोयस त्या दुसऱ्या पिढीत बॉनेटखालच्या चासीच्या पुढच्या दांड्याही खालून गंजतात. त्या लिफ्टवरच दिसतात, म्हणून लिफ्ट हवीच. पाण्याचा हा त्रास फक्त माझदाचा आहे असं समजू नकोस. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या झेड४ मध्ये टप हलवणारी मोटर अशा कोपऱ्यात बसवलेली आहे की निचरा तुंबला की ती पाण्यात बुडते.

टप स्वतः उघडून बघ, मालकाला उघडू देऊ नकोस. काचेच्या चौकटीवरच्या दोन्ही कड्या सहज बसतात का, शिवण कुठे उसवलीय का, मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर ती दुधाळ झालीय का. प्लास्टिकची असेल तर टप पाडण्याआधी तिची चेन उघडायची, नाहीतर घडीवर तडा जातो. काचेवरचं रबरी बीडिंग चपटं झालं असेल तर पावसात डाव्या-उजव्या खांद्यावर थेंब पडतील. ते बदलता येतं, त्याने घाबरू नकोस.

चालवून बघायला गार गाडी माग. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेव. गरम असेल तर इंजिन तुझ्यासाठी आधीच चालवून ठेवलंय, मग दुसऱ्या दिवशी परत ये. या गिअरबॉक्समध्ये गार असताना दुसरा गिअर जरा कुरकुरतो, तेवढं चालतं. गरम झाल्यावरही घासून पडत असेल तर खर्च आला. सुरुवात टप लावून कर, कारण पावसात, कडक उन्हात आणि लांबच्या प्रवासात तू तसाच चालवणार आहेस, आणि तो आवाज तुला सोसला पाहिजे. मग टप उघडून खडबडीत रस्त्यावर घे आणि आरशाकडे लक्ष ठेव. टप नसलेली गाडी ही झाकण काढलेल्या खोक्यासारखी असते, थोडी पिळते, आरसा थोडा थरथरतो. पण दारं खडखडत असतील, किंवा दार आणि मागच्या पत्र्यामधली फट वर एक आणि खाली दुसरी दिसत असेल, तर गाडी ठोकलेली आहे किंवा खालून गंजलीय.

टायरच्या कडेवर निर्मितीचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत कोरलेलं असतं. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आणि टायर दहा वर्षांचा, असं या गाड्यांत नेहमी आढळतं. असा टायर कडक झालेला असतो, ओल्या रस्त्यावर धरत नाही. मागच्या चाकांना ताकद असलेल्या हलक्या गाडीत ते धोक्याचं आहे. चारही बदलायचे धरूनच बोलणी कर. खाली बसवलेलं सस्पेन्शन, बदललेला सायलेन्सर, जोडलेला टर्बो असलं काही दिसलं तर ती गाडी माझ्याकडून बाद. दुसऱ्याचा प्रयोग विकत घ्यायचं तुझं वय नाही.

आणखी एक, तुझ्या उंचीचं. टप लावून बस, पट्टा बांध, आणि नेहमीसारखा ताठ बस. डोकं कापडाला टेकतंय का? काचेची वरची पट्टी नजरेच्या आड येतेय का? क्लच दाबताना गुडघा स्टिअरिंगला लागतो का? मागे सीटच नसल्यामुळे जे काही बदलायचं ते या एवढ्याशा जागेतच बदलावं लागतं. आणि येत्या चार-पाच वर्षांत घरात लेकरू येणार असेल तर आत्ताच दोघं बसून बोला. समोरची एअरबॅग चालू असताना मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट पुढे लावता येत नाही, आणि इथे पुढे सोडून दुसरी जागा नाही.

शनिवारी गाडी बघायला जाशील तेव्हा पाण्याची मोठी बाटली बरोबर ने. मालकाची परवानगी घेऊन टप उघड आणि सीटच्या मागे, दोन्ही बाजूंच्या निचऱ्यात हळूहळू पाणी ओत. दोन्हीकडून खाली धार लागली पाहिजे. एका बाजूने उशिरा आली किंवा आलीच नाही, तर त्या बाजूचा दाराखालचा पत्रा लिफ्टवर आधी बघायला सांग. मेकॅनिक तुझ्या ओळखीचा ने, मालकाने सुचवलेला नको. खालून काढलेले फोटो मला पाठव, मी रात्री फोन करतो. तोवर इसार देऊ नकोस.

तुझा,
काका